सांदवाडीतला जनरेटर: आवाज कमी करण्याच्या कामाच्या नोंदी

१२ एप्रिल

काल रात्री सव्वाअकराला लाईट गेली ती पहाटे साडेचारला आली. वादळी वारं सुटलं होतं आणि मागच्या रस्त्यावरच्या कडुनिंबाची मोठी फांदी तारांवर आली. बाबांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि दोन पंखे इन्व्हर्टरवर अडीच तास चालले. मग जनरेटर सुरू करावा लागला.

सकाळी शेजारच्या काकू कुंपणाच्या भिंतीपाशी आल्या. भांडायला नव्हत्या आल्या. "बाबांसाठी मशीन लावावी लागते तुला, मला का समजत नाही? पण सूनबाईचं बाळ दोन महिन्यांचं आहे रे. रात्रभर दचकून दचकून उठून राहिलं होतं." मी काहीच बोलू शकलो नाही. बाळाची खोली त्यांच्या वरच्या मजल्यावर आहे आणि तिची खिडकी थेट आमच्या सांदवाडीवर, म्हणजे घरामागच्या अरुंद जागेवर उघडते. जनरेटर तिथेच आहे.

कॉन्सन्ट्रेटर बंद ठेवता येत नाही आणि बाळाची झोपही अशी मोडता येत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, अजून जवळजवळ दीड महिना लांब आहे. खरा उन्हाळा पुढेच आहे. आजपासून हे काम हाती घेतलं.

मांडणी लिहून ठेवतो. जनरेटर पेट्रोलचा, उघड्या चौकटीचा, एका सिलिंडरचा, वजन ४६ किलो. आमच्या घराची मागची भिंत आणि सात फुटी कुंपणभिंत यांच्यामधल्या सांदवाडीत ठेवलेला. सांदवाडीची रुंदी १.८ मीटर. तिथून काकूंची खिडकी सहा मीटर. लोड: कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट, कूलर २००, दोन पंखे १५०, फ्रिज १५०, दिवे ५०. सगळे मिळून ९००. चेंजओव्हर स्विच आधीपासून लावलेला आहे, त्यामुळे जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या तारांत जाण्याची भीती नाही.

१३ एप्रिल

आधी मोजमाप, मग खर्च. फोनमधलं आवाज मोजायचं ॲप काही प्रमाणित यंत्र नाही, पण फोन तोच, जागा तीच आणि लोड तोच ठेवला तर आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहता येतो. काकूंच्या परवानगीने त्यांच्या खिडकीच्या गजाला फोन बांधला आणि एक मिनिटाची सरासरी घेतली.

जनरेटरपासून एक मीटरवर ८४ डेसिबल. काकूंच्या खिडकीत ६९. जनरेटर बंद असताना खिडकीत ४०.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने सहा मीटरवर ६८ ते ६९ यायला हवेत आणि तेवढेच आले. म्हणजे मधली सात फुटी भिंत वरच्या मजल्यासाठी काहीच करत नाही. खिडकीतून इंजिन सरळ दिसतं. जे डोळ्याला दिसतं ते कानावर येणारच.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रीच्या मर्यादेच्या आम्ही २४ डेसिबल वर आहोत. दर १० डेसिबलला कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतलं की २४ हा आकडा किती मोठा आहे ते कळतं.

२० एप्रिल

रविवार पूर्ण यात गेला. प्रश्न एकच होता: आवाज नेमका कुठून येतो? इंजिनचे आवाज चार. धुरांड्यातून बाहेर पडणारा ठोका, हवा आत ओढण्याचा आवाज, धातूची खडखड आणि पायातून जमिनीत उतरणारी थरथर. प्रत्येकावर उपाय वेगळा. सगळ्यांवर एकच गादी टाकून भागत नाही. भागतं का, तेही पाहिलं. जुनी कापसाची गादी खिडकीच्या बाजूने उभी केली, जनरेटरपासून हात लांब, दोनच मिनिटं. फरक २ डेसिबल. गादीला वजनच नाही. आवाज अडवायला वजन लागतं, गादी फक्त थोडी खरखर शोषते. आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ कापूस ठेवणं हा आगीला आवतण देण्याचा प्रकार आहे, म्हणून लगेच काढली. अंड्यांचे ट्रे आणि थर्मोकोल ही भिंतीला लावायची म्हणून सांगितली जाणारी नावंही याच कारणाने वगळली.

मिस्त्रीभाऊंना बोलावलं. त्यांनी इंजिनजवळ कान नेला आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाले, "सायलेन्सरचं गॅस्केट गेलं आहे जी. हे पाहा, इथून फुसफुस." गॅस्केट म्हणजे सांध्यातून धूर गळू न देणारी चकती. ती जळली होती आणि तिथून काळा माग उमटला होता. टॅपेटची, म्हणजे इंजिनच्या झडपांपाशी ठेवलेली फटही वाढली होती. गॅस्केट नवीन, टॅपेट सेट, ऑइल बदल. खिडकीत ६७.

गळती असेल तर पुढचं सगळं काम वाया जातं. सुरुवात इथूनच करायला हवी.

२६ एप्रिल

आता धुरांडं. जनरेटर मिनिटाला ३००० फेऱ्या फिरतो, कारण ५० हर्ट्झची वीज तशीच मिळते. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला २५ ठोके. सोबत त्याच्या पटीतले ५०, ७५, १०० हर्ट्झ. जनरेटरला कंपनीने दिलेला सायलेन्सर मुठीएवढा असतो. तो तीक्ष्ण आवाज खातो, पण खोल ठोक्याला त्यात जागाच नसते.

नागपूरच्या इतवारी बाजारात लोहाओळीच्या बाजूला भंगारात हिंडून एका छोट्या कारचा वापरलेला पण न गळणारा सायलेन्सर मिळवला. इंजिन १९६ सीसीचं आहे आणि या सायलेन्सरचं पोट आठेक लिटरचं. पोट जितकं मोठं तितका ठोका पसरतो. मूळ सायलेन्सर ठेवून हा त्याच्यापुढे जोडला. दोन गोष्टींवर मिस्त्रीभाऊंनी हट्ट धरला आणि दोन्ही बरोबर होत्या. पाईप मूळ तोंडापेक्षा एक साईज मोठा, म्हणजे धुराला मागे रेटा बसत नाही. आणि इंजिन व पाईप यांच्यामध्ये वितभर लवचिक नळी, नाहीतर थरथरीने फ्लॅंज, म्हणजे पाईप जिथे बोल्टने जोडला जातो ती कडा, तुटतो.

पाईप सांदवाडीच्या मागच्या टोकापर्यंत नेला, दोन्ही घरांच्या खिडक्यांपासून दूर. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. बाबा आजारी आहेत आणि शेजारी तान्हं बाळ आहे, त्यामुळे या बाबतीत तडजोड करायची नाही हे आधीच ठरवलं होतं. बाबांच्या खोलीत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावला. दुसरा काकूंना बाळाच्या खोलीसाठी दिला. पाईपच्या सगळ्यात खालच्या वळणाला पाणी निथळायला बारीक भोक.

खिडकीत ६३. आवाजाची जातही बदलली. फटफट गेली, आता पुढे आली ती इंजिनची खडखड.

४ मे

आजचा दिवस फुकट गेला, पण का गेला ते कळलं.

बाबा म्हणाले होते की जनरेटर सुरू असला की पलंगाला हात लावला तरी गुणगुण जाणवते. थरथर फरशीतून भिंतीत आणि भिंतीतून पलंगात. ट्रकच्या जुन्या टायरचे कडक तुकडे कापून चार पायांखाली ठेवले. थरथर वाढली. तावदानं वाजायला लागली.

रात्री हिशेब मांडला. रबर वजनाखाली जितके मिलिमीटर दबतं त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १६ ला त्याने भागायचं. उत्तर म्हणजे त्या रबरावर यंत्राची स्वतःची डुलण्याची वारंवारिता, हर्ट्झमध्ये. टायरचा तुकडा जेमतेम अर्धा मिलिमीटर दबत होता. १६ भागिले ०.७ म्हणजे २२ ते २३ हर्ट्झ. इंजिनचा ठोका २५. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्का द्यावा तसं मी यंत्राला झुलवत होतो.

रबर मऊ हवं. चार मिलिमीटर दबलं तर वारंवारिता ८ हर्ट्झ, ठोक्याच्या एक तृतीयांश. मग थरथर खाली उतरत नाही.

६ मे

इतवारीतूनच मऊ रबराचे चार माउंट आणले. दुकानदाराला वजन सांगितलं, चारने भागून प्रत्येकावर साडेअकरा किलो आणि दाब चार मिलिमीटर हवा म्हटलं. त्यांनी सात-आठ माउंट काढून अंगठ्याने दाबून दाखवले. खिडकीतल्या आकड्यात बदल नाही, ६३ च. पण बाबांनी पलंगाच्या कडेला हात ठेवला आणि म्हणाले, "आता काही नाही." हा आकडा कोणत्याही ॲपमध्ये येत नाही, म्हणून इथे लिहिला.

११ मे

पेटी. यावर सगळ्यात जास्त विचार केला.

विटांची खोली उत्तम असते, कारण वजन. पण सांदवाडीत कायमचं बांधकाम नको होतं आणि उद्या मोठं दुरुस्तीचं काम निघालं तर जनरेटर बाहेर काढता यायला हवा. म्हणून लोखंडी पेटी, १.२ मीटर लांब, ०.९ रुंद, १ उंच. बाहेरून १६ गेजचा पत्रा. पातळ पत्रा घेऊन पैसे वाचवायचा मोह होतो, पण पत्र्याचं वजन दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने जास्त अडतो आणि निम्मं केलं की तितकाच जास्त सुटतो. आतून ५० मिलिमीटर रॉकवूल (दगड वितळवून केलेली, न जळणारी लोकर), त्यावर काचेचं कापड, त्यावर भोकांचा पत्रा. पत्र्याचं काम अडवणं, रॉकवूलचं काम शोषणं. नुसता पत्रा असेल तर आवाज आत आपटत राहतो, वाढत जातो आणि मिळेल त्या फटीतून बाहेर येतो. रॉकवूल हिंगणा रोडच्या एमआयडीसीतून मिळालं. कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क आणि चष्मा.

पेटी बनवून देणारे भाऊ मूळचे कूलरवाले. उन्हाळ्यात त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, तरी बाळाचं कारण सांगितल्यावर त्यांनी रात्री थांबून काम केलं. पत्रा वाकवताना म्हणाले, "एवढा डब्बा बंद कराल त इंजन गुदमरून जाईन, भाऊ. कूलरले जशी हवा लागते तशी यालेही लागते."

१८ मे

कूलरवाल्या भाऊंचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. हवेसाठी खाली एक आणि वर एक खिडकी ठेवली होती, दोन्ही जाळीच्या. दोन्ही तात्पुरत्या पत्र्याने झाकून पाच मिनिटं चालवला तेव्हा काकूंच्या खिडकीत ४९. फार आनंद झाला. मग खिडक्या उघडल्या तर ५९. तरीही उघड्याच ठेवून लोडवर चालवत राहिलो. बाहेर ४४ अंश होतं. वीस मिनिटांत पेटीतलं तापमान ७८, पेट्रोलची टाकी हाताला चटका देईल इतकी गरम, इंजिन हेलकावे खाऊ लागलं. बंद केलं आणि दार उघडून लांब उभा राहिलो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि पेटीच्या तळाशी साचते. आज जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

हिशेब केला. तासाला साधारण एक लिटर पेट्रोल जळतं. एका लिटरमध्ये जवळजवळ ९ युनिट ऊर्जा असते. त्यातलं ०.९ युनिट विजेत जातं, तिसराएक हिस्सा धुराबरोबर पाईपमधून बाहेर, उरलेली सुमारे ५ किलोवॅट उष्णता पेटीतच. म्हणजे पेटीत अडीच गीझर सतत सुरू आहेत असं समजायचं. बाहेरच्यापेक्षा पेटी १५ अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर सेकंदाला ०.३ घनमीटर हवा लागते, तासाला हजारांहून जास्त. जाळीतून ती आपोआप येणार नाही.

२५ मे

नवतपा सुरू. घरातल्या कूलरची टाकी दिवसात तीनदा भरावी लागते आहे.

हवा जाऊ द्यायची आणि आवाज अडवायचा, तर दोघांच्या स्वभावातला फरक वापरावा लागतो. हवा वळण घेऊन जाते. मधल्या आणि वरच्या पट्टीतला आवाज वळणावर भिंतीला आपटतो आणि तिथे रॉकवूल असेल तर तिथेच संपत जातो. पेटीच्या दोन्ही टोकांना नागमोडी बोळ केले, प्रत्येकात दोन काटकोनी वळणं, आतून सगळीकडे रॉकवूल आणि भोकांचा पत्रा. बोळाचं तोंड ३० बाय ३५ सेंटीमीटर. म्हणजे हवेचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आत राहतो. तोंड लहान केलं तर हवाच सुसाटायला लागते आणि पंख्याचा दमही निघतो.

पंखा १२ इंची, हवा आत येण्याच्या बाजूला. बाहेर ओढणारा लावला असता तर त्याची मोटर सतत तापल्या हवेत राहिली असती आणि पेट्रोलची वाफही तिच्यावरून गेली असती. आत येणारी हवा आधी टाकीवरून, मग अल्टरनेटरवरून (वीज तयार करणारा भाग) आणि शेवटी सिलिंडरवरून जाईल असा आडवा पत्रा टाकला. पंखा इन्व्हर्टरवर जोडला. जनरेटर सुरू करण्याआधी दोन मिनिटं आणि बंद केल्यावर दहा मिनिटं तो चालू राहतो. पेट्रोल फक्त इंजिन थंड असताना आणि दार उघडं ठेवून भरायचं. दारावर आतून रंगाने तसं लिहिलं.

भर दुपारी दोन तास चालवला. बाहेर ४५, पेटीत ५९. टाकी कोमट. काकूंच्या खिडकीत ५४.

३१ मे

अंधार पडल्यावर पेटीत बल्ब लावला आणि बाहेरून पाहिलं. दाराभोवती चारही बाजूंनी प्रकाशाची रेघ. फट तीन मिलिमीटरची, पण दाराचा घेर ४.४ मीटर. गुणाकार केला तर दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याहून थोडी जास्त. एक टक्का उघडं असलेलं दार, ते शिशाचं का असेना, २० डेसिबलच्या पुढे आवाज अडवूच शकत नाही. कारच्या दाराचं पोकळ रबर बीडिंग लावलं आणि ते दाबून धरतील अशा दोन कड्या. तारेचं भोक पुट्टीने बंद केलं. खिडकीत ५१.

३ जून

रात्री लाईट गेली आणि दीड तास जनरेटर चालवावा लागला. मी निश्चिंत होतो. सकाळी काकूंना विचारलं. त्यांनी जरा थांबून सांगितलं, "कमी झालं रे बाबू, पुष्कळच कमी झालं. पण काहीतरी घुमते. कान झाकले तरी घुमते. बाळ झोपलं, सूनबाईले नाही लागली झोप."

त्यांच्या परवानगीने त्या खोलीत जाऊन बसलो आणि भावाला जनरेटर सुरू करायला सांगितलं. काकूंचं खरं होतं. आवाज मोठा नव्हता, पण छातीवर हात ठेवल्यासारखा एक सलग घुमारा होता. माझा ५१ चा आकडा तो दाखवत नव्हता. ॲप ए-वजन लावून मोजतं, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खोल आवाज हिशेबात कमी धरतं. त्यात १०० हर्ट्झच्या आवाजातून १९ डेसिबल वजा होतात, ५० हर्ट्झमधून ३०. म्हणजे जो आवाज त्या खोलीत झोपू देत नव्हता, तोच मी दीड महिना मोजणीतून वगळत होतो. सी-वजन लावलं, त्यात खोल आवाज जवळजवळ पूर्ण धरला जातो. आकडा ७१. आलेखात १०० हर्ट्झला एकच उंच सुळका.

८ जून

१०० हर्ट्झच का, हे पाच दिवस डोक्यात होतं. तो २५ च्या ठोक्याचा चौथा पट आहे, पण ५० आणि ७५ पण आहेतच की. काल रात्री सांदवाडीत टेप लावली आणि उत्तर सापडलं. या दिवसांतल्या तापल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींत १.८ मीटर अंतर असेल तर त्यांच्यामध्ये अर्धी लाट बरोबर बसते ती ३५५ भागिले ३.६, म्हणजे ९९ हर्ट्झला. आमची सांदवाडीच त्या एका सुराला साथ देत होती.

अशा वेळी भिंतीजवळ दाब सगळ्यात जास्त आणि मधोमध सगळ्यात कमी असतो. धुराच्या पाईपचं तोंड मी नीटनेटकं दिसावं म्हणून भिंतीला क्लॅम्प मारून ठेवलं होतं, म्हणजे साथ मिळण्याच्या नेमक्या जागी. पाईप थंड असताना क्लॅम्प सोडला, वाकवून तोंड दोन्ही भिंतींपासून ९० सेंटीमीटरवर आणलं आणि लोखंडी अँगलचा आधार दिला. गरम हवेचं तोंडही तसंच मधे घेतलं. शिवाय पेटीचं मोठं दार हाताने ठोकलं तर डफासारखं वाजायचं, त्याला आतून फुलीसारख्या दोन पट्ट्या वेल्ड केल्या आणि कारमध्ये लावतात ते डांबरी डॅम्पिंग शीट चिकटवलं.

सी-वजनावर ७१ चे ६४. ए-वजनावर ५१ चे ५०, म्हणजे जुन्या मोजणीत दिसलंही नसतं. सूनबाई स्वतः खिडकीत उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी वरून हात हलवला. पुढची दहा मिनिटं त्या उभ्याच होत्या.

१९ जून

पहिला मोठा पाऊस आणि सहा तास लाईट नाही. पहिले अडीच तास इन्व्हर्टर, मग साडेतीन तास जनरेटर. बाबांचा ऑक्सिजन एकदाही थांबला नाही. पेटी ४६ अंशांच्या वर गेली नाही. पावसाचं पाणी हवेच्या बोळात एक बोट शिरलं. तोंडावर उतरता पत्रा लावायचा आहे.

रात्री एकला काकूंचा फोन आला. पोटात धस्स झालं. त्यांनी विचारलं, जनरेटर सुरू असेल तर बाळाच्या खोलीतला एक पंखा त्यावर चालेल का, उकाडा फार होऊन राहिला आहे. ७५ वॅट. त्यांच्या घरच्या वायरिंगला हात न लावता वेगळी वायर भिंतीवरून टाकली, टेबलफॅन थेट तिच्यावर. उद्या या वायरला नीट पाईपमध्ये घालून वेगळा एमसीबी देईन.

रात्रीच्या ४५ च्या मर्यादेपासून अजून ५ डेसिबल दूर आहोत. ते मला मान्य नाही. हवा बाहेर जाण्याच्या बोळाला तिसरं वळण देऊन पाहणार, पण पाऊस उघडल्यावर. नव्याने जनरेटर घेणाऱ्याने मात्र लोडप्रमाणे वेग कमी करणारा, बंद पेटीचा इन्व्हर्टर जनरेटर घ्यावा. आमच्या ९०० वॅटला तो निम्म्या वेगावर चालला असता आणि यातलं अर्धं काम लागलंच नसतं. आमच्याकडे हा होता, म्हणून हे केलं.

६ जुलै

उतरता पत्रा लावला. एमसीबी लावला. दाराचं बीडिंग खालच्या बाजूला चपटं झालं आहे, दीड मीटर नवीन आणायचं. एक माउंट उन्हाच्या बाजूला भेगाळतो आहे, त्यावर लक्ष. तिसऱ्या वळणासाठी कूलरवाल्या भाऊंना माप दिलं. आता त्यांचा हंगाम संपला आहे, मंगळवारी येतो म्हणाले. जनरेटरचे एकूण तास ३१, पन्नासला ऑइल बदल. दोन्ही घरांतले अलार्म बटण दाबून तपासले. काकूंकडच्या अलार्मची बॅटरी बदलली.